फोर बाय फोर लागत नाही? ट्रान्सफर उतरवण्याआधी हे बघा

सणसवाडी-शिक्रापूर भागात जुनी स्कॉर्पिओ, सफारी, थार किंवा जिप्सी बाळगणाऱ्याला आपल्या गाडीतल्या फोर बाय फोरची आठवण वर्षातून फार तर दोनदा होते. एकदा परतीच्या पावसात, काळ्या रानातल्या पाणंदीवर चाकं गरागरा फिरायला लागतात तेव्हा. दुसऱ्यांदा गळीत हंगामात, शेजारच्या फडाला पाणी सोडलेलं असतं आणि चारी ओलांडून पलीकडे जायचं असतं तेव्हा. एरवी गाडी पुणे-अहिल्यानगर रस्त्यावरच्या कोंडीत उभी असते आणि तिथे फोर बाय फोरचा उपयोग शून्य. मग गरजेच्या दिवशी आपण नॉब फिरवतो किंवा छोटा लिव्हर ओढतो, आणि काहीच होत नाही. दिवा लागत नाही, किंवा लुकलुकत राहतो. सगळ्यात वाईट म्हणजे दिवा लागतो, पण पुढची चाकं ढिम्म हलत नाहीत.

गाडी टोचन लावून गॅरेजला नेली की पहिलं निदान ठरलेलं असतं: ट्रान्सफर खराब झालाय, उतरवावा लागेल. माझं म्हणणं एवढंच की हे निदान सगळ्यात शेवटी करायचं आहे. ट्रान्सफर केसमधले, म्हणजे गिअरबॉक्सचा जोर पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या पेटीतले, गिअर आणि साखळी दणकट असतात, आणि ज्या गाडीत फोर बाय फोर वर्षातून दोनदाच लागतो तिथे ते झिजायला वेळच मिळालेला नसतो. खराब होतं ते त्यांना हुकूम पोचवणारं सामान. रबरी नळ्या, वायरींचे जोड, मोटर, लिव्हरचे बुश आणि पुढची चाकं एक्सलला जोडणारे-सोडणारे हब, म्हणजे जे बाहेर लटकतं आणि धूळ, चिखल, उंदीर यांच्या तावडीत सापडतं ते. यातलं बरंचसं तुम्ही स्वतः, अंगणात, एक जॅक आणि एक मदतनीस घेऊन तपासू शकता.

सुरुवात मात्र एका हास्यास्पद वाटेल अशा प्रश्नापासून करा: गाडीला फोर बाय फोर आहे का? मागच्या दारावरच्या स्टिकरवर जाऊ नका. बोलेरो, स्कॉर्पिओ, सफारी या सगळ्या गाड्या दोन्ही प्रकारांत निघाल्या आणि ‘फोर बाय फोर’चं स्टिकर कुठल्याही सजावटीच्या दुकानात मिळतं. खाली वाकून बघा. पुढच्या दोन चाकांच्या मध्ये डिफरन्शियल आहे का, आणि त्याच्यापर्यंत ट्रान्सफरकडून येणारा प्रोपेलर शाफ्ट आहे का? डिफरन्शियल आहे पण शाफ्ट नाही असंही सापडतं. डिझेल वाचेल म्हणून किंवा शाफ्टचा सांधा, म्हणजे क्रॉस, वाजतोय म्हणून आधीच्या मालकाने पुढचा शाफ्ट काढून ठेवलेला असतो, आणि गाडी दोन हातांतून फिरेपर्यंत ती गोष्ट कुणालाच आठवत नाही. शाफ्ट नसताना दिवा मात्र झोकात लागतो. कारण तो दिवा ट्रान्सफरच्या आत गिअर जोडणारा काटा सरकल्याचं सांगतो, चाकांपर्यंत जोर पोचल्याचं नाही. पुढची सगळी तपासणी या एका गोष्टीवर उभी आहे, म्हणून ती नीट लक्षात ठेवा.

दुसरी गोष्ट वापरायच्या पद्धतीची. या जुन्या गाड्यांमध्ये पुढच्या आणि मागच्या शाफ्टच्या मध्ये डिफरन्शियल नसतं. फोर-हाय लावलं की दोन्ही शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधले जातात. दात समोरासमोर आले नाहीत तर काटा अर्ध्यावर थांबतो. म्हणून उभ्या गाडीत लिव्हर अडला तर जोर लावू नका. स्टिअरिंग सरळ ठेवा, गाडी हळू पुढे जाऊ द्या, ॲक्सिलरेटरवरून पाय काढा आणि मग लिव्हर ओढा. फोर-लोसाठी उलट आहे. तिथे गाडी थांबलेली किंवा जेमतेम सरकणारी हवी, गिअर न्यूट्रलमध्ये आणि क्लच पूर्ण दाबलेला हवा. नॉबवाल्या गाड्यांत या अटी पाळल्या नाहीत तर कंट्रोल युनिट हुकूम मानतच नाही, फक्त दिवा लुकलुकवत ठेवतं. मालक म्हणतो बिघाड आहे, गाडी म्हणते आधी क्लच दाब. मागचे टायर नवे आणि पुढचे गोटा झालेले असतील तरीही असाच त्रास होतो. चारही टायरांचा घेर सारखा नसेल तर शाफ्टमध्ये पीळ बसतो आणि फोर बाय फोर लागायला किंवा सुटायला नकार देतो. सुटत नसेल तर सरळ रेषेत थोडं मागे घ्या, पीळ उतरतो. आणि हे प्रयोग डांबरावर किंवा काँक्रीटवर करू नका. चाकं घसरू शकतील असं मुरमाड मैदान किंवा नांगरलेलं रान हवं. कोरड्या रस्त्यावर फोर बाय फोरमध्ये गाडी वळवणं म्हणजे क्रॉस आणि साखळी हाताने तोडणं आहे.

आता मुख्य तपासणी. हीच सगळ्यात मोलाची आहे, आणि पावसाळ्याआधी प्रत्येक मालकाने एकदा तरी करावी.

नांगरलेल्या रानात फोर-हाय लावा आणि चार-दोन हात सरळ पुढे जाऊन पुन्हा सपाट, टणक जागेवर सरळ आणून उभी करा. पुढे हाताने फिरवायचे हब असतील तर दोन्ही ‘लॉक’वर घ्या. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड. आता पुढचं एकच चाक जॅकवर उचला आणि खाली स्टँड द्या. विटांची चळत किंवा नुसता जॅक यावर विसंबून गाडीखाली डोकं घालायचं नाही. उचललेलं चाक दोन्ही हातांनी फिरवून बघा.

चाक किंचित हलून अडलं, तर ट्रान्सफरपासून त्या चाकापर्यंतचा सगळा रस्ता शाबूत आहे. तुमची तक्रार बहुधा दिव्याची किंवा सेन्सरची आहे, आणि तिची एवढी चिंता करायची गरज नाही.

चाक फिरलं, तर मदतनिसाला पुढच्या प्रोपेलर शाफ्टकडे बघायला सांगा. चाकाबरोबर शाफ्टही फिरत असेल तर हब आणि डिफरन्शियल ठीक आहेत. ट्रान्सफरने शाफ्ट पकडलेलाच नाही, म्हणजे काटा सरकत नाही. मग लिव्हर, मोटर आणि वायरिंगकडे वळायचं.

चाक फिरतं पण शाफ्ट स्थिर आहे, असं असेल तर दोष हबकडे आहे. इथे एक बारकावा आहे, जो चांगल्या मिस्त्रींच्याही नजरेतून सुटतो. दोष उचललेल्या चाकाच्याच हबमध्ये असेल असं नाही. पुढचं डिफरन्शियल साधं असतं. समोरच्या बाजूचा हब सुटा असला तर शाफ्ट घट्ट असूनही उचललेलं चाक फिरतं, कारण पलीकडचा एक्सल उलट्या दिशेने फिरून त्याला वाट देतो. याचाच अर्थ असा की एक हब गेला तर पुढची दोन्ही चाकं गेली. सगळा जोर त्या मोकळ्या एक्सलमधून वाहून जातो. स्कॉर्पिओ, सफारी किंवा २०१० साली आलेल्या सीआरडीई थारमध्ये पुढचे एक्सल उघडे दिसतात, तिथे उत्तर सोपं आहे. उचललेल्या चाकाबरोबर त्याचा एक्सल फिरत असेल तर हा हब ठीक, पलीकडचा तपासा. एक्सल फिरत नसेल तर हाच हब दोषी. जिप्सी किंवा एमएम ५४० मध्ये एक्सल नळकांड्यात झाकलेला असतो. तिथे हब ‘फ्री’वर आणि ‘लॉक’वर घेऊन चाक फिरवताना हाताला फरक जाणवतो का ते बघा. ‘लॉक’मध्ये चाक जड लागलं पाहिजे आणि आतून डिफरन्शियलची घरघर ऐकू आली पाहिजे. दोन्ही ठिकाणी सारखंच हलकं लागलं तर हब पकडत नाही.

एवढं समजलं की गॅरेजला जाताना तुम्ही ‘फोर बाय फोर चालत नाही’ असं म्हणणार नाही. ‘डाव्या बाजूचा हब पकडत नाही’ किंवा ‘काटा सरकत नाही’ असं म्हणाल. बिलात पडणारा फरक इथूनच सुरू होतो.

हबविषयी थोडं सविस्तर बोललं पाहिजे, कारण आपल्याकडच्या जुन्या गाड्यांचं निम्मं दुखणं तिथेच असतं. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपला सुटणारे हब नव्हते. चाकाबरोबर पुढचा एक्सल, डिफरन्शियल आणि शाफ्ट कायम फिरत राहायचा. युद्धानंतर त्या जीप साध्या लोकांच्या हाती आल्या, डांबरी रस्त्यावर धावायला लागल्या आणि पुढचं सामान विनाकारण झिजायला लागलं. १९४८ मध्ये अमेरिकेत आर्थर वॉर्न यांनी हाताने जोडता-सोडता येणारे हब विकायला सुरुवात केली. त्याच सुमारास मुंबईत माझगावला महिंद्राची जीप-जुळणी सुरू झाली. जिप्सीच्या पुढच्या चाकावर ‘फ्री’ आणि ‘लॉक’ लिहिलेली जी गोल चकती असते, ती त्याच कल्पनेची पुढची पिढी.

या हाताने फिरवायच्या हबमध्ये बिघडण्यासारखं फारसं काही नसतं. आत एक सरकणारी दातेरी कडी, एक-दोन स्प्रिंग आणि ग्रीस. बिघाड येतो तो ग्रीसमुळे. सर्व्हिसिंगच्या वेळी पोऱ्या बेअरिंगला भरायचं घट्ट ग्रीस हबमध्येही मूठभर कोंबतो. दोन वर्षांत ते लाखेसारखं होतं, स्प्रिंगला कडी ढकलता येत नाही आणि चकती ‘लॉक’ दाखवत असताना आत सगळं ‘फ्री’च असतं. चकती अडली म्हणून पक्कड लावू नका, तिचे कान तुटतात. हबचे बोल्ट काढा, आतलं सामान डिझेलमध्ये धुवा, कोरडं पुसा आणि हलक्या ग्रीसचा पातळ हात देऊन बसवा. बोल्ट परत आवळताना सगळे सारखे आवळा. ढिले राहिले तर पुढच्या वेळी हबच रस्त्यात सांडतो. बाजूची कागदी पॅकिंग फाटली असेल तर नवी घाला, नाहीतर पहिल्याच ओढ्यात पाणी आत जातं.

काही परदेशी बनावटीच्या जुन्या एसयूव्हींमध्ये आपोआप जुळणारे हब असतात. गाडी थोडी पुढे गेल्यावर ते पकडतात आणि मागे घेतल्यावर सुटतात. रुतलेल्या गाडीला पुढे-मागे झोके देताना ते नेमके चुकीच्या क्षणी सुटतात, म्हणून अशा गाडीत फोर बाय फोर चिखलात शिरण्याआधी लावायचा.

तिसरा प्रकार व्हॅक्यूमचा, आणि माझ्या मते जुन्या गाडीत सगळ्यात डोकेदुखीचा. महिंद्राच्या काही फोर बाय फोर गाड्यांत हब जोडायचं काम इंजिनाची ओढ करते. बऱ्याच जुन्या डिझेल गाड्यांत अल्टरनेटरच्या मागे एक छोटा व्हॅक्यूम पंप असतो. तोच ब्रेकच्या बूस्टरला ओढ पुरवतो आणि तिथूनच एक बारीक फाटा सोलेनॉइड व्हॉल्व्हमधून पुढच्या चाकांकडे जातो. त्यामुळे फोर बाय फोर लागत नाही आणि ब्रेकचं पेडलही पूर्वीपेक्षा कडक झालंय, असं एकत्र घडलं तर आधी पंप आणि त्याची मुख्य नळी बघा. हा ब्रेकचा प्रश्न आहे, तो उद्यावर टाकायचा नाही.

पेडल ठीक असेल तर गळती पुढच्या फाट्यात आहे. इंजिन चालू, गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चारही चाकं जमिनीवर आणि दगड लावलेले. कुणीतरी ड्रायव्हरच्या जागेवर बसलेलं हवं. फोर-हाय लावा, चाकाजवळची नळी काढून तिच्या तोंडावर बोट धरा. बोट ओढलं गेलं पाहिजे. ओढ आहे आणि तरी हब पकडत नाही, तर हबच्या आतलं रबर किंवा सील गेलंय. ओढ नाही, तर नळी धरून मागे मागे जा: सोलेनॉइडच्या आधी आहे का, नंतर आहे का? जिथे ओढ संपते तिथे दोष. बहुतेक वेळा सापडते ती एक कडक होऊन तडकलेली रबरी कोपरी, जी कुठल्याही स्पेअरच्या दुकानात मिळते. चाकाच्या कमानीत नळी टायरला घासून कापली गेलेली असणं हेही नेहमीचं. सोलेनॉइडला आवाज येतो का तेही ऐका. नॉब फिरवल्यावर ‘टक’ वाजलं नाही तर त्याच्यापर्यंत करंट येत नाही किंवा तो स्वतः गेलाय.

नळ्या बदलून, सोलेनॉइड बदलूनही हा व्हॅक्यूमचा हब पुन्हा पुन्हा दगा देत असेल तर मी त्याच्यावर आणखी पैसे घालणार नाही. हाताने फिरवायचे हब किंवा कायम जोडलेला फ्लँज बसवून घ्या. फ्लँज बसवला की पुढचा शाफ्ट सतत फिरेल, थोडं डिझेल जास्त जाईल, क्रॉसला ग्रीस वेळेवर द्यावं लागेल. पण चिखलात गाडी उभी राहणार नाही. आपल्या पाणंदींना सोयीपेक्षा खात्री जास्त कामाची.

आता ट्रान्सफरचा काटा सरकत नसेल तर काय. लिव्हरची गाडी असेल तर गाडीच्या आतूनच सुरुवात करा. लिव्हरभोवतीचं रबरी बूट उचला. खाली सुकलेला चिखल, खडा, उसाचं पाचट, कधी पोरांनी टाकलेलं नाणं सापडतं. लिव्हर कन्सोलला किंवा जाड मॅटला अडतोय का? हे बाहेरून कळत नाही, पण गिअरबॉक्स किंवा ट्रान्सफरचे रबरी माउंटिंग बसले की सगळा सांगाडा खाली झुकतो, लिव्हर पूर्ण सरकण्याआधीच पत्र्याला टेकतो आणि काटा दातांपर्यंत पोचत नाही. जिप्सीत ट्रान्सफर गिअरबॉक्सपासून वेगळा, स्वतःच्या रबरी माउंटिंगवर लटकलेला असतो, तिथे हे हमखास होतं. फोर-लोमध्ये जोर लावल्यावर लिव्हर उडून न्यूट्रलला येत असेल तर आधी माउंटिंग बदलून बघा, मगच काटा झिजल्याचा निष्कर्ष काढा. लिव्हरपासून ट्रान्सफरपर्यंतच्या सळईचे बुश झिजलेले असतील तर लिव्हर हलतो पण सळई अर्धीच हलते. एकाने लिव्हर ओढायचा आणि दुसऱ्याने खालून टॉर्च धरून बघायचं, मिनिटात कळतं.

नॉबची गाडी असेल, म्हणजे स्कॉर्पिओ किंवा सफारीच्या प्रकारातली, तर कानांवर भरवसा ठेवा. आजूबाजूला शांतता असताना, इंजिन बंद ठेवून चावी ‘ऑन’ करा, नॉब फिरवा. गाडीच्या पोटाखालून मोटरचा घुर्र आणि मग टक असा आवाज आला पाहिजे. आवाज आला आणि दिवा लागला नाही, तर मोटर फिरतेय पण ती कुठे थांबली हे सांगणारा सेन्सर चुकतोय, किंवा दात जुळायला गाडी थोडी सरकण्याची वाट बघतेय. आवाजच नाही, तर फ्यूज, मग रिले, मग मोटरचा जोड. क्रम हाच, कारण किमतीचाही क्रम हाच आहे. बॅटरी मेलेली असेल तर बाकी सगळं ठीक असूनही मोटरला काटा ढकलण्याइतका जोर मिळत नाही, तेव्हा सगळ्यात आधी तिचा व्होल्टेज बघा.

मोटरचा जोड ट्रान्सफरच्या अंगावर, थेट चिखलाच्या माऱ्यात असतो. तो सोडवून बघा. पिनांवर हिरवा गंज दिसेल. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, बारीक घासा, पुन्हा घट्ट बसवा. चासीला जाणारी अर्थिंगची वायर गंजली असेल तर तिथला रंग खरवडून नवा बोल्ट लावा. उसाच्या पट्ट्यात आणखी एक शत्रू आहे: ऊस तुटला की फडातले उंदीर आसरा शोधत गाड्यांत शिरतात, आणि बॉनेटखालच्या वायरी कुरतडल्याचं आपल्याला फोर बाय फोर लावायच्या दिवशी कळतं. शिवाय कॅरिअर, बंपर किंवा टोचनचा हूक बसवताना वेल्डरने बॅटरी न काढता चासीवर वेल्डिंग केलं असेल तर कंट्रोल युनिट उडालेलं असू शकतं. वेल्डरच्या हाती गाडी देण्याआधी बॅटरीची वायर स्वतः काढा. तो काढणार नाही.

एवढं सगळं तपासून दोष ट्रान्सफरच्या आतच आहे असं ठरलं, तरी उतरवण्याआधी तेल काढून बघा. पाण्याळलेलं, दुधाळ तेल म्हणजे ओढ्यातलं पाणी आत गेलंय. वरची श्वास घ्यायची नळी चोंदलेली असते, गरम ट्रान्सफर थंड पाण्यात उतरला की आत ओढ निर्माण होते आणि तो सीलमधून पाणी शोषतो. डिफरन्शियललाही हाच नियम. तेलात चकाकणारे धातूचे कण असतील तर मात्र खोलण्याला पर्याय नाही. आणि तेल कुठलं आहे ते विचारा. जुन्या जीपच्या गिअरवाल्या ट्रान्सफरला जाड गिअर ऑइल लागतं, नंतरच्या साखळीवाल्या ट्रान्सफरना बहुधा पातळ एटीएफ. सगळ्यांना एकच ‘९० नंबर’ ओतायची गॅरेजची सवय साखळीवाल्या ट्रान्सफरला, विशेषतः थंडीच्या सकाळी, जड करून टाकते. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलंय तेच घाला.

सुट्या भागांची चिंता वाटत असेल तर एक दिलासा. फोर बाय फोरचं हे सामान आपल्यासाठी परकं नाही. भोसरीची दिवगी कंपनी १९६४ सालची. अमेरिकेच्या बोर्गवॉर्नरशी भागीदारी होती तेव्हा ती दिवगी-वॉर्नर होती, आता दिवगी टॉर्कट्रान्सफर सिस्टिम्स आहे. महिंद्रा आणि टाटांना ट्रान्सफर केस पुरवणारी ती कंपनी. सणसवाडीहून पुढे रांजणगावच्या एमआयडीसीत कॅरारोचा कारखाना ट्रॅक्टरचे फोर-व्हील एक्सल बनवतो. म्हणजे या पट्ट्यात गिअर आणि एक्सल हाताळलेले फिटर मिळतात, शोधायला हवेत. भाग मागवताना मॉडेलचं नाव आणि साल सांगून थांबू नका. ट्रान्सफरच्या अंगावर पत्र्याची एक छोटी पट्टी असते, चिखल पुसून तिचा फोटो काढा आणि तोच दुकानदाराला दाखवा. एकाच नावाच्या गाडीत वेगवेगळ्या वर्षी वेगळे ट्रान्सफर बसवलेले असतात, आणि नाना पेठेतून चुकीची मोटर घेऊन परत येणं हा महागडा फेरफटका आहे.

आणि हे सगळं कळायच्या आत गाडी रुतलीच असेल, फोर बाय फोर लागत नसेल, तर ॲक्सिलरेटर सोडा. चाक जितकं फिरेल तितका एक्सल खाली बसेल. मागच्या टायरांतली हवा कमी करा, चाकांच्या पुढची काळी माती फावड्याने सरकवा, पाचट किंवा तुराट्या चाकाखाली कोंबा आणि शक्यतो आला त्या वाटेने मागे निघा. पुढे काय आहे ते माहीत नसतं, मागचं माहीत असतं. जिप्सीसारख्या लिव्हरच्या गाडीत हब बिघडले असले तरी फोर-लो लावता येतो. तो फक्त मागच्या चाकांना मिळतो, पण गाडी इंचाइंचाने हलवायला उपयोगी पडतो. क्लच हळू सोडा, कारण तो सगळा जोर एकट्या मागच्या एक्सलवर येतो.

दुरुस्ती झाल्यावर गाडीला पुन्हा वर्षभर डांबरावर झोपवू नका. महिन्यातून एकदा गाडी नांगरलेल्या रानात न्या, फोर-हाय आणि फोर-लो दोन्ही लावा, थोडं सरळ चालवा, परत टू-हायला आणा. मोटरचे कॉन्टॅक्ट साफ राहतात, ग्रीस फिरतं, सील ओले राहतात. प्रेशर वॉशरवाल्याला ट्रान्सफरच्या मोटरवर आणि हबवर थेट फवारा मारू देऊ नका. क्रॉसला ग्रीस देताना मागच्या शाफ्टबरोबर पुढच्यालाही द्यायला सांगा, तो नेहमी विसरला जातो.

जुनी फोर बाय फोर विकत घेणाऱ्यांना शेवटचं सांगणं. विकणारा तुम्हाला दिवा दाखवेल, छोटा लिव्हर ओढून दाखवेल, चढावर गाडी चढवून दाखवेल. चढ कोरडा असेल तर त्यावर मागची दोन चाकंही चढवतात. त्याला सांगा, गाडी रानात घे, फोर-हाय लाव, मग टणक जागेवर आणून पुढचं एक चाक जॅकवर उचल. आधी एक बाजू, मग दुसरी. त्याने कुरकुर केली, जॅक नाही म्हणाला, तर तुमचा जॅक काढा. चाक हाताने अडल्याशिवाय बयाणा देऊ नका.